बावीस पायऱ्यांचं घर, पुन्हा विक्रीला

आमचं घर पहिल्यांदा विक्रीला काढलं तेव्हा सात महिन्यांत अकरा जण ते पाहून गेले. अकराही जणांना घर आवडलं. हवा छान आहे म्हणाले, गच्ची केवढी मोठी म्हणाले, बाजार दोन पावलांवर म्हणाले, आणि खाली उतरून गेले ते पुन्हा फोनही उचलेनात. एखाददुसऱ्याचं मी समजू शकते. अकराच्या अकरा? माझा स्वभाव आधीच संशयी, सासूबाई म्हणायच्या की हिला प्रसादाच्या शिऱ्यातही खडे दिसतात. पण अकरा जण म्हटल्यावर माझ्या जागी कोणीही म्हटलं असतं की यात कोणाचा तरी हात आहे.

घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. खालचा मजला दिरांनी केव्हाच विकून टाकला. तिथं आता पत्रावळी आणि कागदी प्लेटांचं गोदाम आहे आणि गोदामवाला ती जागा सोडायला कोणत्याही भावात तयार नाही. वर यायला बावीस पायऱ्या, त्याही उभ्या आणि एका माणसापुरत्या. तरुणपणी मी एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पोट्टं घेऊन त्या चढले आहे, म्हणून तेव्हा कधी त्या मोजल्या नाहीत.

हे रेल्वेत होते, यार्डात मालगाडीचे डबे तपासायची नोकरी. खराब डबा दिसला की त्यावर खडूनं खूण करायची आणि तो गाडीतून काढायला लावायचा. आयुष्यभर उन्हातान्हात रुळांवरून चालले. रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी लकवा मारला आणि डावी बाजू गेली. पुढे काठी धरून घरातल्या घरात चालायला लागले, पण पायऱ्या काही जमेनात. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गोदामातले चार हमाल त्यांना उचलून खाली आणत. उतरताना हे डोळे मिटून घेत. पडायच्या भीतीनं नाही, गल्लीतले लोक बघतात म्हणून. एकदा गोदामवाला समोर उभा राहून नमस्कार करून राहिला होता आणि ह्यांचे डोळे बंदच. त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलाला हैदराबादला फोन केला आणि सांगितलं की घर विकायचं, तळमजल्यावर जागा घ्यायची. मला बाकी काही नको होतं. ह्यांना स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जाता आलं पाहिजे, एवढंच.

मुलाला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो. टेन्शन मत लो, म्हणाला, आणि तिथूनच फोटो मागवून त्यानं घराची जाहिरात एका साइटवर टाकली, इथला एक दलालही शोधून दिला. मी नवा रायपुरात जाऊन एक जागा पाहून आले. तीन खोल्या, आणि दारापासून रस्त्यापर्यंत एकही पायरी नाही. मला तर ती जागा बघताच आवडली. घरी येऊन ह्यांना सगळं कौतुकानं सांगितलं, आणि सांगता सांगता हसत म्हणाले, रस्ते एवढे मोठे, पण विरजण मागायला जावं तर अख्ख्या ओळीत एक दार उघडं नाही. हे काही बोलले नाहीत. लकव्यानंतर त्यांना बोलायला वेळच लागायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग ते अकरा जण आले आणि गेले. आठवा गेला तेव्हा पहिला संशय मी दलालावर घेतला. शेजारच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याचा फोन मागून घेतला, आवाज जरा बारीक केला आणि भिलाईहून बोलतेय असं सांगून आमच्याच घराची चौकशी केली. दलाल मोठ्या खुशीत सांगायला लागला की वरचा मजला आहे, म्हातारा-म्हातारी आहेत, म्हातारा बिमार आहे, गरजेत आहेत, थोडं थांबा म्हणजे दाम आपोआप खाली येईल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथंच, मेडिकलच्या काउंटरवर, आपल्या खऱ्या आवाजात त्याला जे काही सुनावलं ते ऐकून मेडिकलवाल्यानं दोन गिऱ्हाइकांना जरा वेळ थांबायला सांगितलं. दलाल गेला. मला वाटलं, चला, बिऱ्हाडावरची पीडा टळली.

तरी नववा आणि दहावा तसेच गेले. मग गोदामवाला. त्याला वरचा मजला स्वस्तात पाहिजे असणार, दुसरं काय. एका सकाळी पायरीवर हळद लावलेले तांदूळ पडलेले दिसले. मी ते झाडूनं गोळा करून कागदात बांधले आणि पुरावा म्हणून ठेवून दिले. दुपारी गोदामवाल्याची बायको स्वतः वर आली, पूजेचा प्रसाद घेऊन. सत्यनारायण होता त्यांच्याकडे. अक्षता आमच्या पायऱ्यांवर सांडल्या म्हणून सॉरी म्हणाली. मी प्रसाद खाल्ला, पण तांदळाची पुडी काही टाकली नाही.

अकरावी आलेली बाई बँकेत कामाला होती. तिचा मी फोनवर पिच्छाच पुरवला. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "आंटी, अलमारी के पीछे सीलन है ना?" मी फोन ठेवला. मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या मागची भिंत पावसाळ्यात ओल धरते, हे खरं होतं. कपाट तिथं सरकवलंच होतं त्यासाठी. पण ही गोष्ट तीन जणांना माहीत होती. मला, ह्यांना, आणि कपाट सरकवताना दुसरी बाजू जिनं धरली होती तिला.

ती म्हणजे आमची शेजारीण. दोघींच्या गच्च्या लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. ती इथलीच, माहेर पुरानी बस्तीतलं, मी तिला भाभी म्हणायची, ती मला दीदी. सव्वीस वर्षं रोज चार वाजता ती भिंतीवरून हाक मारायची आणि मग फिरून, पायऱ्या चढून आमच्याकडे यायची. ती दोन वर्षांपूर्वी विधवा झाली तेव्हा तिच्याकडे तेरा दिवस जेवण माझ्या घरून गेलं. मी बँकेत किंवा औषधं आणायला गेले की ती ह्यांच्याजवळ बसायची आणि हिंदी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. घर बघायला कोणी आलं की ती आपल्या खिडकीत उभी असायची, हेही मी पाहिलं होतं. आणि उतरताना लोक तिच्याशी दोन शब्द बोलायचे, तेही पाहिलं होतं. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आता सगळं जुळलं.

ह्यांच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्या माणसासाठी घर विकायचं तोच माणूस कसा काय असेल.

मी तशीच चप्पल घालून खाली उतरले आणि तिच्या दारात गेले. ती पोळ्या करत होती, हाताला कणीक होती. मी विचारलं नाही, सरळ सांगितलं की तूच केलं. ती म्हणाली की मी कोणाला काही बोलले नाही. एवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. पण मला राग आला की माझी जीभ माझी राहत नाही.

"आपके वो नहीं रहे," मी म्हणाले, "तो क्या मेरे वाले को भी ऊपर बंद रखना है?"

तिनं हाताची कणीक हळूहळू काढून परातीत टाकली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजताची हाक बंद झाली. ह्यांनी विचारलं तर मी सांगितलं की सुनेचं बाळंतपण आहे, दुर्गला गेली. खरं सांगितलं असतं तर ह्यांनी मलाच झापलं असतं. ती भिंतीच्या पलीकडेच होती, पण हे गच्चीवर जात नव्हते, त्यामुळे खपून गेलं. पापड मात्र मी त्या वर्षी एकटीनंच वाळवले.

मुलानं मग जाहिरात काढून टाकली. दोन महिने घर कुठंच दाखवलं नाही. नव्या दलालाचं म्हणणं असं की फार दिवस पडून असलेल्या घराकडे लोक शिळ्या भाजीसारखं बघतात, हे इतके दिवस बिकलं काहून नाही म्हणून शंका घेतात. जुनी जाहिरात काढायची, थोडं रंगकाम करायचं, पडदे बदलायचे, सकाळच्या उजेडात फोटो घ्यायचे आणि नवीन म्हणून पुन्हा टाकायचं. मी सगळं केलं. ओल असलेल्या भिंतीला गवंडी लावला, लांबी भरून घेतली, रंग दिला. फोटोत घर असं दिसत होतं की मलाच ते विकत घ्यावंसं वाटलं. तरी पहिल्याच गिऱ्हाइकानं जिन्यातच म्हटलं, ये तो वही मकान है ना, पर्दे बदल दिए आपने. मी हसले, करता काय.

दुसऱ्या खेपेला पाच जण आले. पाचांपैकी चार गायब. आता तर भाभीची खिडकीही बंद असायची, तरी तेच. मी म्हटलं, बंद खिडकीच्या आडून फोन करून राहिली असेल. नंबर कुठून मिळवते, तेवढं शोधायचं राहिलं होतं. माणूस एकदा संशयाला लागला की त्याला बंद खिडकीही पुरते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. बावीस पायऱ्या चढून कोणी वर आलं तर त्याला चहा-चिवड्याशिवाय आम्ही सोडत नाही. मग तो गॅसवाला असो की घर बघायला आलेला असो. मी सगळ्यांना खोल्या दाखवायची, गच्ची दाखवायची, शेवटी बाहेरच्या खोलीत ह्यांच्याजवळ आणून बसवायची. आणि हे म्हणायचे, "चहा टाक." दरवेळी. मला बरं वाटायचं की ह्यांना पाहुण्यांचं अजून एवढं अगत्य आहे. चहा उकळेपर्यंत दहा मिनिटं मी स्वयंपाकघरात. पंधरा वेळा मी त्या दहा मिनिटांसाठी उठून गेले आणि पंधरा वेळा मला त्यात काही दिसलं नाही. आवाज बदलून दलालाचा शोध घेणारी बाई मी.

सोळावे आले ते नवरा-बायको, दोघंही नवा रायपुरात सरकारी ऑफिसात, मूळचे अकोल्याचे. मराठी माणसं म्हणून मी खूश. त्यांना तात्यापारा पाहिजे होता कारण बायकोच्या आईला मंदिर जवळ पाहिजे होतं. हे म्हणाले चहा टाक, मी उठले. दूध ठेवलं आणि पाहिलं तर साखरेचा डबा बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, सकाळी ह्यांच्या दलियासाठी नेला होता तो. मी परत फिरले. पडद्याजवळ पोचले तर ह्यांचा आवाज, सावकाश, एकेक शब्द लावून. सांगत होते की लोखंडी कपाटाच्या मागं नवा रंग दिसते, त्यावर जाऊ नका, पावसाळ्यात बोटं लावून पाहा. पायऱ्यांचा चौथा दगड हलते. टाकीला तडा हाय, वरून सिमेंट लावलं हाय. आणि खाली गोदाम हाय, कागदाचं, आग लागली तर उतरायला हाच एक जिना.

मी साखर न घेताच परत गेले. चहा तसाच, बिनसाखरेचा नेऊन दिला. त्यांनी तो निमूट प्यायला. ते गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिले. आधी मला वाटलं की ही नोकरीची सवय असेल, खराब डब्याला खडू लावल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. मी तेच म्हणाले. म्हणाले, खरेपणाचा एवढा पुळका होता तर मला सांगायचं होतं, मी स्वतः भिंत दाखवली असती.

हे बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग म्हणाले, "खरेपणाचं नाही ते. मी काही आता जास्त दिवसाचा नाही. मी गेल्यावर तू तिथं काय करशील? तूच म्हटलं होतं, विरजण मागायले दार नाही म्हणून."



"इथं भाभी हाय," हे म्हणाले. "दुर्गहून आली की पुन्हा चार वाजता येईल. मी तिच्या भरोशावर तुले इथं ठेवून राहिलो."

मला रडू आलं ते रागानं आलं की दुःखानं, आजही सांगता येत नाही. वर्षभर हा माणूस खुर्चीत बसून डोळे मिटून खाली उतरला आणि वर येऊन माझ्यासाठी घराच्या विक्रीत मोडता घालत राहिला. आणि ज्या बाईच्या भरोशावर तो हे करून राहिला होता, तिला मी ह्याच्याच करणीपायी तिच्या दारात जाऊन तोडून आले होते. हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या तोंडून तेव्हाही निघालं नाही. मी फक्त एवढं म्हणाले की तुम्ही खाली उतरल्याशिवाय मी मरणार नाही, आणि तुम्हाला मरूही देणार नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी भाभीकडे गेले. तिनं दार उघडलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कपाटाचं ह्यांनीच लोकांना सांगितलं म्हणून, माझी चूक झाली म्हणून, मी जे बोलले ते बोलायला नको होतं म्हणून. तिच्या पायाला हात लावायला वाकले तर ती मागं सरकली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "ठीक है दीदी. भैया को नमस्ते कहिएगा." आणि दारातच उभी राहिली. अंदर आइए म्हणाली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या उंबऱ्यावरून परत आले.

अकोल्याच्या नवरा-बायकोचा आठवड्यानं फोन आला. भिंत, टाकी, दगड, सगळं धरून भाव थोडा कमी करा, आम्ही घेतो, म्हणाले. आम्हाला खरं सांगणारे तुम्हीच पहिले भेटलात, असंही म्हणाले. मी हो म्हणायच्या आत ह्यांनी हात वर केला. मला जवळ बोलावून विचारलं की भाभी काय म्हणते. तिला सांगितलं का, ती तिकडे येईल का. हे हो म्हणाले तरच घर विकलं जाणार होतं, घर त्यांच्या नावावर. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"दुर्गहून फोन आला होता," मी म्हणाले. "म्हणते, आल्यावर दर रविवारी बसनं येत जाईन."

"नक्की?"

"नक्की."

"मग देऊन टाक," हे म्हणाले.

आम्ही नवा रायपुरात येऊन चार महिने झाले. जाताना मी गल्लीत सगळ्यांना पत्ता दिला, भाभीचं दार बंद होतं. इथं ह्यांना दारातून रस्त्यावर जायला कोणी लागत नाही. पहिल्या दिवशी दहा पावलं गेले आणि वळून माझ्याकडे असे बघून हसले की मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं. आता कॉर्नरपर्यंत जातात. बसस्टॉप कॉर्नरलाच आहे. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात, काठी घेतात आणि दहाच्या बसच्या आधी तिथल्या बाकावर जाऊन बसतात. मी दारातून बघते. बस येते, दोन-चार जण उतरतात, हे एकेकाकडे बघतात, बस जाते, आणि मग हे काठी टेकत, थांबत थांबत, स्वतःच्या पायांनी घरी येतात. मी आत जाऊन ह्यांना आज कोणतं कारण सांगायचं ते शोधायला लागते.